पुसलेला माग

सकाळी किनाऱ्यावर वासंतीताई सुरूच्या फांदीने वाळू झाडत होत्या. कासवं जपणाऱ्या संस्थेत त्या काम करतात. रात्री एक कासवीण अंडी पुरून गेली होती आणि तिचा माग घरट्यापासून पाण्यापर्यंत स्पष्ट उमटला होता. मी घरट्याशी वाकून तो बघत होतो.

"एवढी सुंदर नक्षी पुसताय?" मी हळहळलो.

"माग धरून अंडी चोरायला येतात हो. नक्षीचं काय करायचंय?"

आपण एवढंसं काही केलं तरी नावाची पाटी लावतो. या बाई मात्र उलट्या पावलांनी सरकत स्वतःच्या खुणाही पुसत निघाल्या. रस्त्याला लागताना मी सहज वळून पाहिलं. साफ वाळूत एकच ओळ उरली होती, माझ्या चपलांची, थेट घरट्यापर्यंत.

मी त्यांच्याकडे फांदी मागितली.