समोरची शाळा

हल्ली तिच्याकडे पोरंपोरी विचारायला येतात. व्यावसायिक वैमानिक व्हायचंय, इन्स्ट्रुमेंट रेटिंगही तिथेच करायचंय, कुठली शाळा घेऊ? ती त्यांना समोर बसवते आणि अगदी शहाण्यासारखं सांगते. जाहिरातीतली विमानं बघू नका, उडणारी बघा. ऑफिसात गप्पा मारण्यापेक्षा हँगरमध्ये जा, आणि तिथे जे विमान उघडून ठेवलंय ते कधीपासून उघडंच आहे ते विचारा. शिकवणारे टिकतात का, की अर्ध्यावर सोडून एअरलाइनला पळतात? आणि इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण, म्हणजे बाहेर काहीही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर भरवसा ठेवून उडायचं, ते खऱ्या विमानात किती आणि खोलीतल्या यंत्रावर किती? पोरं भराभर माना डोलवतात. मग एखादी विचारते, "ताई, तुम्ही कुठून केलंत?"

ती शाळेचं नाव सांगते. ज्यांना थोडंफार कळतं त्यांचे चेहरे पडतात, कारण ती शाळा या सगळ्या कसोट्यांवर सपशेल नापास होती.

"मग तिथे का गेलात?"

"समोर एक माणूस होता," एवढंच म्हणून ती विषय बदलते. ती सांगत नाही, तेव्हा आपणच सांगितलेलं बरं.

शहराबाहेर एक लहानशी धावपट्टी आहे. तिच्या दोन अंगांना दोन उड्डाणशाळा, एकमेकींकडे तोंड करून उभ्या. विमानांना सूचना देणारा टॉवर नाही. अशा ठिकाणी पद्धत अशी असते, की सगळ्यांनी रेडिओ एकाच फ्रिक्वेन्सीवर ठेवायचा आणि आपण कुठे आहोत, काय करणार आहोत ते ज्याने त्याने बोलून सांगायचं. वळतोय, उतरतोय, पट्टी सोडली. एकाचं बोलणं सगळे ऐकतात. शिंकलात तरी दोन्ही हँगरना कळतं.

त्यातली मोठी, चकचकीत शाळा एका कॅप्टनची. उंचापुरा गडी, आवाज भारदस्त, आणि हातात शेकडो पोरांचं भवितव्य असल्याची पुरेपूर जाणीव. आपली ही मुलगी खासगी लायसन्स त्याच्याकडेच शिकली. एके सकाळी ती विमानात एकटी होती. उतरण्यासाठी पट्टीच्या रेषेत वळली, वळताना रीतसर बोलली, आणि तेवढ्यात कॅप्टनचं विमान मागून जवळजवळ तिच्या डोक्यावरच आलं. त्याने ते पुन्हा वर घेतलं आणि सगळ्या जगाला ऐकू जाईल असं फ्रिक्वेन्सीवर तिला झापलं.

"वळताना सांगायचं असतं हे कोणी शिकवलं नाही का तुला? मुकी आहेस काय?"

"मी बोलले होते, सर," ती म्हणाली. त्यावर तो पुढे बोलतच राहिला.

खाली उतरल्यावर त्याने तिला हँगरच्या दारात उभं केलं आणि तीच कथा पुन्हा सगळ्यांसमोर लावली. वर म्हणाला, की जिच्या तोंडून शब्द फुटत नाही तिने प्रवासी घेऊन उडायची स्वप्नं बघू नयेत. भोवती उभे होते त्यातल्या निम्म्यांच्या कानांवर त्या वेळी हेडफोन होते. तिचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. पण सगळे मूग गिळून बसले. तिच्याशी डबा वाटून खाणारा, सगळे ज्याला चष्म्या म्हणत तो वर्गमित्रसुद्धा बुटाच्या नाडीकडे बघत राहिला. त्या दिवसापासून तिचं नाव मुकी पडलं. हाक मारायची तर मुकी, चिडवायचं तर मुकी.

आणि सगळ्यात वाईट काय झालं, तर महिन्याभरात तिलाच शंका यायला लागली. आपण बटण नीट दाबलं होतं ना? आवाज बाहेर पडला होता ना? आपण खरंच बोललो की नाही, याचीच ज्याला खात्री राहत नाही, त्याची झोप कशी असते ते विचारू नका. खासगी लायसन्स पदरात पाडून घेऊन ती तिथून निघाली. मग कित्येक वर्षं एका विमान कंपनीच्या मालवाहू विभागात वजनाचे हिशोब करत बसली. कुठली पेटी पुढे, कुठली मागे. इतरांची विमानं समतोल ठेवत राहिली आणि कॅप्टनवर डूख धरून राहिली. काहींचा राग कालांतराने निवतो म्हणतात. हिचा मुरत गेला.

पुढचं शिक्षण घ्यायची वेळ आली तेव्हा थोरला भाऊ शाळा बघायला बरोबर गेला. दादाचं फरशांचं दुकान. विमानातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण माल बघून घ्यायची सवय होती. समुद्राकाठच्या एका शाळेने तो पार खूश झाला. तिथल्या मुख्य शिक्षिकेने त्यांना आधी बिघडलेलं विमान दाखवलं, काय बिघडलंय ते सांगितलं, आणि मग चालू विमानं दाखवली.

"जो आधी फुटकी फरशी दाखवतो ना, त्याच्याकडून डोळे मिटून घ्यावं," दादा परतताना म्हणाला. "ठरलं मग?"

"अजून एक बघायचीय."

ती त्याला कॅप्टनच्या समोरच्या शाळेत घेऊन आली. दारावरचा रंग उडालेला. इन्स्ट्रुमेंटच्या सरावाचं विमान एकच, आणि त्याचं इंजिन बाजूला काढून ठेवलेलं. शाळेचे मालक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते बिचारे सज्जन, पण पंख्याखाली बसून डुलक्या घेत होते. बाहेरचं दिसू नये म्हणून शिकणाऱ्याच्या डोक्यावर जी झडपेची टोपी घालतात, ती इथे पुठ्ठ्याची होती आणि चिकटपट्टीने सांधलेली होती. दादाने सगळं बघितलं. मग धावपट्टीपलीकडची चकाचक पाटी बघितली, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तू शाळा निवडतेयस की भांडण?"

"दोन्ही."

"अगं, त्याला पाणी पाजायचंच असेल तर चांगल्या ठिकाणी शिक, मोठी हो, आणि एक दिवस गणवेश घालून समोर उभी राहा."

"एक दिवस नको दादा. रोज हवंय. रोज सकाळी माझा आवाज त्याच्या कानात गेला पाहिजे."

आई म्हणाली, हिच्या बापाचंही असंच होतं, एकदा मनात घेतलं की संपलं. आणि तिने नाव घातलं ते त्याच पडक्या शाळेत.

व्यावसायिकचा भाग कसाबसा उरकला. इन्स्ट्रुमेंटचं मात्र गाडं अडलं. विमान चार दिवस उडे आणि पंधरा दिवस पोट उघडं टाकून पडे. एक शिक्षक एअरलाइनला गेला, दुसरा आला, त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. समुद्राकाठच्या शाळेतली तिच्या बरोबरीची पोरं नोकरीला लागली. दादा त्यांच्या बातम्या नेमक्या जेवताना सांगायचा. तरी ती ढळली नाही. रेडिओवर ती अशी बोलायची, की शब्द न् शब्द सुटा आणि लख्ख. घरी आरशासमोर सराव करायची. वळतेय. उतरतेय. पट्टी सोडली. घे, ऐक, ही तुझी मुकी.

कॅप्टनकडून कधीही प्रतिसाद नाही. इतरांच्या विमानांशी बोलणं व्हायचं; त्याच्या विमानातून बोलायचा तो शेजारी बसलेला विद्यार्थी. आणि रोज सकाळी पोरं यायच्या आत हवा बघायला म्हणून कॅप्टन एकटाच एक फेरी मारायचा, तेव्हा तर नुसता स्वतःचं सांगायचा, कोणाला उत्तर द्यायचा नाही. तिला वाटलं, मुद्दाम. आपल्याला ओळख द्यायची नाही म्हणून. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अपमान करणाऱ्याने निदान तो केल्याचं लक्षात तरी ठेवावं, एवढीही तिची मागणी पुरी होत नव्हती.

मग ती सकाळ आली. डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, नजर काट्यांवर, शेजारी नवा शिक्षक. ती पट्टीकडे उतरत होती आणि टप्प्याटप्प्याने सांगत होती. एकाएकी शिक्षकाने विमान तिच्या हातून घेतलं आणि वर उचललं. खाली कॅप्टन सकाळच्या फेरीसाठी एकटाच आपलं विमान घेऊन सरळ पट्टीवर आला होता.

"तीनदा सांगितलंस तू," शिक्षक घाम पुसत म्हणाला. "बहिरा आहे का हा?"

तो रागाने बोलून गेला. पण टोपीखाली ती त्या एका शब्दापाशी थांबली. काटे समोर होते, तिला ते दिसेनात. बटण दाबलं होतं. आवाज बाहेर पडला होता. तेव्हाही आणि आताही. इतकी वर्षं उराशी बाळगलेली शंका क्षणात गळून पडली, आणि तिची जागा रागाने घेतली, आधीच्या दुप्पट.

खाली आल्यावर तिने सरांना गाठलं. सरांनी डोळे चोळले.

"अगं, त्याला ऐकू येत नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. तू त्याच्याकडे होतीस तेव्हा नुकती सुरुवात होती. हल्ली तर त्याच्याकडे नवं पोर आलं, की जुनी पोरं पहिल्याच दिवशी शिकवतात. रेडिओवर कोणी जवळचं बोललं की कॅप्टनच्या गुडघ्याला हात लावायचा आणि बोटाने दिशा दाखवायची. पोरांचे उड्डाणाचे तास त्याच्या सहीने मोजले जातात ना. वैद्यकीय तपासणीला त्याचा ओळखीचा डॉक्टर आहे. म्हातारपणी माणसाचं उडणं कशाला तोडायचं? जाऊ दे."

"माझं तोडलं तेव्हा कोणी म्हणालं होतं, जाऊ दे?"

सर पुन्हा पंख्याखाली जाऊन बसले. दादाला फोन केला तर तो म्हणाला, लेखी तक्रार कर आणि मोकळी हो, कोणाचा तरी जीव जाईल. बरोबर होतं त्याचं. तक्रार तिने केलीही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी. सकाळ तिने स्वतःसाठी ठेवली. नुसत्या तक्रारीने काय झालं असतं? त्याला बंद खोलीत बोलावलं असतं, चहा पाजला असता, हळू आवाजात समजावलं असतं. तिला मात्र त्याने हँगरच्या दारात उभं केलं होतं. हे चुकलं तिचं असं ज्यांना वाटतं त्यांना खुशाल वाटू द्या. त्यांना कोणी मुकी म्हटलेलं नाही.

सकाळी कॅप्टन हवा बघायला एकटा वर गेला. दोन्ही हँगरांत पोरं हेडफोन चढवून विमानं तपासत होती. तीही तिच्या विमानात बसली, इंजिन बंद ठेवून, रेडिओ चालू करून.

"कॅप्टन, माझा आवाज येतोय का?"

काही नाही.

"कॅप्टन, मी मुकी बोलतेय. त्या सकाळी वळताना मी बोलले होते. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. आताही येत नाहीये."

तिच्या शेवटच्या शब्दावरच कॅप्टनचा आवाज आला, तोच भारदस्त, खणखणीत आवाज. हवा छान आहे, पट्टी मोकळी दिसतेय, वळतोय, उतरतोय. तिच्या बोलण्याचा काडीचाही धक्का न लागल्यासारखा.

मग समोरच्या हँगरमधून एक घोगरा आवाज आला. तो चष्म्या होता, आता कॅप्टनच्याच शाळेत शिकवणारा.

"ती बोलली होती. मी ऐकलं होतं तेव्हा."

"मीही," आणखी कोणीतरी म्हणालं.

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण रडू. रडू आलं नाही. इतकी वर्षं कुठे होतात रे, असं मात्र वाटलं. ती उतरली, आणि कॅप्टनचं विमान पट्टी सोडून हँगरसमोर येऊन थांबलं तशी धावपट्टी ओलांडून तिथे चालत गेली. तो खाली उतरला, हेडफोन गळ्यात, आणि गोळा झालेल्या पोरांकडे बघू लागला. कामं सोडून सगळी आपल्याकडे का बघतायत ते त्याला कळेना. मग तिच्याकडे नजर गेली. ओळखलं की नाही, चेहऱ्यावरून समजलं नाही.

तिने तेच वाक्य म्हटलं, त्या सकाळी वळताना मी बोलले होते, खोलीत शेजारच्या माणसाशी बोलावं तेवढ्या आवाजात. त्याने तिच्या ओठांकडे बघितलं, मग शेजारच्या पोराकडे बघितलं. पोराने रोजच्या सवयीने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"काय? मोठ्याने बोल," कॅप्टन म्हणाला.

तिने आवाज चढवला नाही. तेच वाक्य तेवढ्याच आवाजात ती पुन्हा बोलली, मग पुन्हा, आणि त्याला काही उत्तर देता येत नाहीये हे हँगरमधल्या शेवटच्या माणसाला दिसेपर्यंत ती तिथून हलली नाही.