गिटारवाला गायला लागतो तेव्हा

बँडची गाणी मोजून अकरा, आणि किस्से मात्र मोजता येत नाहीत. कारण सोपं आहे. बँडमधला माणूस वाजवतो कमी आणि थांबतो जास्त. साउंडवाला यायचाय म्हणून थांबा, लाइट गेली म्हणून थांबा, पुढाऱ्याचे हार संपायचेत म्हणून थांबा. आमच्या नांदेड-लातूरकडं हार लवकर संपत नाहीत. त्या थांबण्यात किस्से साचत जातात. आणि आमच्या टोळक्यातला कुठलाही किस्सा काढा, गाडी शेवटी एकाच जागी येऊन अडते : गिटारवाल्यानं गावं का?

माझं मत विचाराल तर, गाऊ नये. मी ड्रम वाजवतो, म्हणजे गिटारवाले मला कायम पाठीमागून दिसतात. पुढून लोकांना केस दिसतात, मागून मला माज दिसतो. बोटं पळतात म्हणजे गळाही पळणार, असं प्रत्येकाला वाटतं. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून मी अशाच एकाच्या मागं लागलो, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. त्याचं नाव सुमेध.

\*

आमची प्रॅक्टिस नांदेडात एका मंडपवाल्याच्या गोदामात चालायची. चारी भिंतींना लग्नाच्या गाद्या रचलेल्या. तिथं कसंही ओरडा, गाद्या सगळा खडबडीतपणा पिऊन टाकतात आणि आवाज मऊ होऊन परत येतो. सुमेधचा पहिला गैरसमज त्या गाद्यांनी करून दिला.

आम्ही चौघं होतो. सुमेध गिटारवर, विठ्ठल बेसवर, मी ड्रमवर आणि गायला इम्रान. एका दुपारी इम्रानला यायला उशीर झाला, तोवर सुमेधनं त्याचं गाणं स्वतःच गाऊन बघितलं. गाणं संपलं तेव्हा इम्रान दारात उभा होता.

"आजपासून मी गाणार," सुमेध म्हणाला. "गाणी मी लिहिलेली हायत."

इम्राननं चप्पलसुद्धा काढली नाही. "गाने तेरे हैं रे. गला किसका है?"

हसायला कुणी तयार नव्हतं. इम्राननं शांतपणे आपल्या माइकची वायर गुंडाळली आणि अट घातली. "एक शो. कुठला धरायचा ते तू ठरव. एक गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, लोकांसमोर, न लपता गाऊन दाखव. जमलं तर गाणी तुझी. न्हाई जमलं तर मी परत येतो, गाणी मी गातो, अन् तू कायम माझ्या मागं उभा राहून वाजवतोस. परत गायचं नाव काढायचं न्हाई."

"हाव," सुमेध म्हणाला. विचार न करता म्हणाला, ते मला पाठीमागूनही दिसलं.

विठ्ठल त्याच आठवड्यात पोलीस भरतीच्या तयारीला लागला. म्हणाला, "तिथं पळाल्यावर माणूस निदान कुठंतरी पोचतो."

राहिलो दोघं. गिटार आणि ड्रम.

\*

गळा तयार करायचा म्हणून आम्ही एका गायनाच्या सरांकडं गेलो. वीस वर्षांत सरांना नांदेडात कुणी स्टेजवर बघितलेलं नाही. पण क्लासच्या भिंतीवर त्यांचा तानपुरा घेतलेला भलामोठा फोटो होता, अंगावर शाल, डोळे मिटलेले. खाली खुर्चीत बसलेले सरही डोळे मिटूनच होते.

पाऊण तास त्यांनी सुमेधला नुसता 'सा' लावायला लावला. मधूनमधून हात हलवून नको नको करायचे. मी घड्याळाकडं बघत होतो, सुमेधच्या मानेची शीर फुगत चालली होती.

"सर, गाणं कधी?" शेवटी त्यानं विचारलं.

"सहा वर्षांनी बघू."

"तुम्ही किती वर्षं शिकलात?"

"बावीस," सर डोळे न उघडता म्हणाले.

"मग तुम्ही कधी सुरू करणार?"

सरांनी डोळे उघडले. आम्ही चपला हातात घेऊनच जिना उतरलो.

\*

पहिला प्रयत्न लोह्यात. मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन होतं, दुकानासमोर दोन टेबलं जोडून स्टेज केलेलं. आधी एका पुढाऱ्यानं पाऊण तास भाषण केलं, त्यात मोबाइल हा शब्द एकदाही आला नाही. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं.

सुमेधनं गाणं सुरू केलं. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. तिसरी ओळ उंच जाते, तिथं त्याचा आवाज तडकला. तोंड उघडं, आवाज नाही. समोर शंभरेक माणसं. त्यानं झटकन पाठ फिरवली आणि माझ्याकडं तोंड करून गिटारचा सोलो सुरू केला. चांगली दोन मिनिटं वाजवला. बोटांना घाम नव्हता, तोंडाला होता.

परत वळला, तिसरी ओळ आली, परत पाठ फिरवली.

चार मिनिटांचं गाणं नऊ मिनिटं चाललं. पुढं सायकल धरून एक म्हातारबाबा उभे होते. ते दुकानदाराला म्हणाले, "पोरगं बोलता बोलता अडकून राहिलंय. पाणी तरी द्या त्याला."

परतीच्या रस्त्यावर मी गाडी चालवत होतो. "हे धरायचं का?" मी विचारलं. "अटीत?"

"लपलो ना मी," सुमेध मागून म्हणाला. "न्हाई धरायचं."



\*

आता सुमेधच्या बाबांचं सांगायला पाहिजे. ते भीमगीतं गातात. जयंतीच्या महिन्यात त्यांच्या गायन पार्टीला एक दिवस मोकळा नसतो. मी त्यांना काका म्हणतो आणि लांबूनच म्हणतो. पोरगा गिटार घेतो म्हणून तीन वर्षं त्यांनी त्याच्याशी गाण्यावर बोलणं टाकलं होतं. बाकी जेवलास का, आलास का, एवढं चालायचं. स्वतः आयुष्यभर मन मानेल ते गायचं आणि पोरानं तसंच केलं की तोंड फिरवायचं, हे आमच्याकडं बऱ्याच घरांत चालतं. फक्त गाण्यापुरतं नाही.

उमरीला त्यांचा संध्याकाळचा कार्यक्रम होता. आम्ही गेलो. स्टेजमागं पंगत बसली होती, काकांनी आम्हालाही बसवलं. लोह्याची बातमी त्यांच्यापर्यंत आलेली होती.

"कोणत्या पट्टीत गातोस?" भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

पेटीवाले लोक सूर पट्टीनं सांगतात. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, जसं पुढं जावं तसा सूर उंच. गिटारवाल्यांचं वेगळं असतं. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी सोडली की जो सूर वाजतो, म्हणजे पेटीची पांढरी तीन, त्यातच त्यांची निम्मी गाणी बसतात, कारण तिथं बोटं आरामात असतात आणि आवाज छातीवर येतो. गळ्याला विचारत कुणी नाही. सुमेधनंही विचारलं नव्हतं.

"पांढरी तीन," सुमेध म्हणाला.

"तुझा आजा पांढरी एकवर गायचा. मी काळी एकवर गातो. आपल्या घरात पांढरी तीनवर कुणी रडलंबी न्हाई."

पंगतीतले तबलेवाले, कोरसवाले सगळे खाली बघून जेवत होते.

"खाली घेतलं तर ती तार तशी वाजत न्हाई, बाबा. गाण्याची सगळी ताकद त्या तारेत हाय."

"मग तारेलाच गाऊ दे," काका म्हणाले आणि हात धुवायला उठले.

पुढं अर्ध्या तासात त्यांच्या कार्यक्रमात माइक बंद पडला. काका थांबले नाहीत. शेवटच्या रांगेतल्या बायकांनाही प्रत्येक शब्द कळत होता. सुमेध मंडपाच्या खांबाला टेकून पूर्ण वेळ उभा होता. मी बस म्हणालो, बसला नाही.

\*

इथून सुमेधनं चुकीचं वळण घेतलं. लातूरला एक स्टुडिओवाला आहे, त्याच्याकडं तो एकटाच जाऊन गाणं रेकॉर्ड करून आला. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर आवाज असा काही इस्त्री करून दिला की कुठं चुरगळलेपण राहिलं नाही. उंच ओळ सरळ वर जात होती, लिफ्टसारखी.

गाणं मोबाइलवर फिरलं. सुमेधच्या मावशीनं देगलूरहून फोन केला. "लई गोड गायलंय रे. कोण हाय पोरगा?"

मी हसलो. सुमेध हसला नाही. त्याच्या लक्षात आलं होतं की आता लोकांना ह्या पोराला बघायचं असणार, आणि तो पोरगा कुठंच नाही.

आणि तसंच झालं. लातूरच्या एका मोठ्या कोचिंग क्लासवाल्यानं आम्हाला पोरांच्या गॅदरिंगला बोलावलं. हजार-बाराशे पोरं. सुमेधनं इम्रानला मेसेज टाकला : लातूरचा शो धरायचा. इम्रानचं उत्तर एका शब्दाचं होतं. 'धरला.'

\*

तर लातूर.

असल्याच एका क्लासात मी दोन वर्षं घालवली आहेत. दर परीक्षेनंतर मार्कांप्रमाणं बाक बदलायचे. शेवटच्या बाकावर कोण बसतो हे अख्ख्या वर्गाला दिसायला पाहिजे, म्हणून. त्यामुळं मंडपात शिरतानाच माझं डोकं गरम होतं. हे क्लासवाले सर तसलेच. पांढरा शर्ट, तीन मोबाइल, आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं नाही.

"पोरांनी मोबाइलवर गाणं ऐकलंय," सर म्हणाले. "तसंच्या तसं पाहिजे. रिस्क नको. रेकॉर्डिंग लावा अन् तुम्ही नुसते ओठ हलवा."

"सर, आम्ही लाइव्ह..." मी सुरू केलं.

"माझ्या क्लासात प्रत्येक गणित आधी सोडवून ठेवलेलं असतं. स्टेजवर प्रयोग न्हाई." ते निघून गेले.

माझ्या ड्रमशेजारी एक पॅड असतो. त्यावर काठी मारली की त्यात भरलेला आवाज वाजतो. सुमेधनं खिशातून पेनड्राइव्ह काढला. म्हणजे घरूनच आणला होता.

"पव्या, पॅडवर चढव. नुसता आवाजच हाय त्यात. गिटार मी वाजवतो."

"अन् अट?"

"कुणाला कळणार न्हाई."

"इम्रानला कळंल."

"इम्रान कुठं हाय इथं?"

"मी हाय ना," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी पेनड्राइव्ह घेतला आणि आवाज पॅडवर चढवला. मला शिव्या द्यायच्या असतील तर इथं द्या.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. काकांना फोन मीच केला होता. ते एसटीनं आले होते आणि तिसऱ्या रांगेत पोरांच्या मधोमध मांडीवर पिशवी ठेवून बसले होते. स्टेजवर चढल्यावर सुमेधला ते दिसले.

ठरलेलं असं होतं : तो सुरुवातीचा तुकडा चार वेळा वाजवणार, आणि मी पॅडवर काठी मारणार. एक झाला. दोन झाले. माझी काठी पॅडच्या वर. तीन.

चौथ्याला सुमेध थांबला.

गिटारवर हात ठेवून तो उभा राहिला. मग त्यानं खुंट्यांना हात घातला आणि हजार पोरांसमोर तारा सैल करायला लागला. एकेक तार, सूर खाली उतरवत. थोडी सैल करायची, तोंड मिटून गुणगुणायचं, परत थोडी सैल. पोरांना आधी वाटलं काही बिघडलंय. मग मागून शिट्ट्या सुरू झाल्या. "ए भाऊ, घरून लावून यायचं की!" अर्धा मंडप हसला. सर विंगेतून मला खुणा करत होते : मार, मार. मग पोरांना गप करायला ते स्वतः खाली उतरले आणि मागच्या रांगांकडं पळाले.

आता मी पॅड मारला असता तर आवाज एका सुरात आणि गिटार भलत्याच सुरात गेली असती. लपायची जागा सुमेधनं स्वतःच्या हातानं बंद केली होती. काठी पॅडवरून काढून मी ड्रमवर आणली.

पांढरी दोनवर तो थांबला. गिटारच्या दोन पायऱ्या खाली, बापाच्या एक पायरी वर.

आणि गायला लागला. गोड नव्हतं, उगाच कशाला सांगू. जाडसर, खरखरीत आवाज, झोपेतून उठून कुणाशी तरी भांडल्यासारखा. सैल तारा खाली घरघरत होत्या. तिसरी ओळ आली. माझी नजर त्याच्या पाठीवर होती, आता वळतो की मग वळतो. तो वळला नाही. ओळ वर गेली, थरथरली, पडली नाही. दुसऱ्या कडव्यात एक शब्द त्यानं गिळला. मी ठोकत राहिलो. शेवटच्या ओळीपर्यंत त्याचं तोंड मला दिसलं नाही.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी नाही. बऱ्याच.

आम्ही खाली उतरलो तर सर हसत समोर आले. "बघितलं? रेकॉर्डिंग लावलं म्हणून निभावलं. अन् मोबाइलवर होता त्यापेक्षा भारी वाटला आवाज. स्पीकर आमचे चांगले हायत."

मी तोंड उघडलं. सुमेधनं माझ्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात काका पिशवी सांभाळत आले. पोराकडं त्यांनी बघितलं नाही, सरळ सरांना नमस्कार केला.

"सर, त्या रेकॉर्डिंगमधल्या पोराशी तुमची ओळख हाय का?"

"काढता येईल की. काय काम होतं?"

"निरोप द्या त्याला. दुसऱ्या कडव्यात श्वास कमी पडला म्हणावं."

सरांनी तीनपैकी एक मोबाइल काढला आणि लिहून घेतलं. "नक्की कळवतो," ते म्हणाले.