मुरूम लागेपर्यंत

धुडकूनाना मिस्त्री प्लॉट बघायला आले, की आधी मालकाचं पासबुक मागत. डॉक्टरनं जीभ दाखवायला सांगावी, तितक्या सहज. "देखाड," म्हणायचे आणि हात पुढे करायचे. अक्षरओळख जेमतेमच, पण शेवटचा आकडा त्यांना बरोबर वाचता येई.

मी तेव्हा धुळ्याला एका शाळेत कारकून होतो. गावाबाहेर काळ्या मातीत प्लॉट घेतला होता. बेत मोठा होता: दोन खोल्या राहायला, दोन भाड्यानं द्यायला, आणि भाड्यातून कर्जाचा हप्ता परस्पर फिटणार. मी तो फुशारकीनं नानांना ऐकवला.

"भाडेकरू सहा महिना ऊना नही, तर हप्ता कसावर भरशी?"

बायकोनं हातातल्या पाटल्या पुढे केल्या.

"पाटल्या हातमा राहू दे, अक्का. दोन खोल्या कमी कर."

इतका तोंडावर बोलणारा मिस्त्री मला मुळीच आवडला नव्हता. पण पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत त्यांच्या घरांना तडा जात नाही, असं जो तो सांगे. म्हणून काम त्यांनाच दिलं. शेजारच्या प्लॉटवर चार फुटांवरच पाया भरून भिंती चढू लागल्या. आमचे खड्डे सात फूट गेले तरी माती काळीच. "ही माटी उन्हायामा फाटस, पावसायामा फुगस," म्हणत नाना पहार आपटत राहिले. नऊ फुटांवर मुरूम लागला, तेव्हा त्यांनी मला चपला काढून खाली उतरवलं. पायाखाली टणक, गार लागलं. नाना वरून खुशीत हसत होते. मी मात्र मनात हिशेब करत होतो, कारण भिंतींचे पैसे खड्ड्यातल्या दगडात चालले होते.

जोत्यापर्यंत काम आलं आणि पैसे संपले. मी पाटल्या मोडतो म्हणालो. नानांनी थापी, ओळंबा पिशवीत भरला.

"एक पावसाया जाऊ दे. पगारमाईन पैसा जमा कर, मंग बलाव."

"मी दुसरा मिस्त्री आणीन!"

"आन. जोतं मन्हं, भिंती त्यान्या."

घरी आलो, तर बायकोनं पाटल्या द्यायला साफ नकार दिला. ती आता नानांच्या बाजूला गेली होती. दीड वर्ष आम्ही भाड्याच्या एका खोलीत काढलं. रविवारी संध्याकाळी उघड्या जोत्यावर सतरंजी टाकून भरीत-भाकरी खायचो. खरं सांगतो, ते दिवस फार सुखाचे गेले.

पुढच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांची भिंत खिडकीपासून तिरकी फाटली. नाना न बोलावता गेले, टेकू लावून आले. कुणाला एका शब्दानं टोमणा मारला नाही. मलाच माझ्या आरडाओरड्याची लाज वाटली.

दिवाळीनंतर त्यांनीच आमच्या दोन खोल्या उभ्या केल्या. वरच्या दोन व्हायला आणखी दहा वर्षं गेली, पण त्या साठवलेल्या पैशांतून झाल्या. नाना तोवर थकले होते, तरी एसटीनं बघायला आले. ओट्यावर बसून चहा घेतला. जिना चढलेच नाहीत.

"नाना, वरच्या खोल्या अजून रिकाम्याच आहेत हो, भाडेकरू मिळेना. पाच महिने झाले. ही तिथं मिरच्या वाळवते."

"झोप लागस का?"

"लागते की! गाढ."

"मंग बांधाई गयं तुन्हं घर," नाना म्हणाले, आणि पिशवी उचलून पारोळ्याच्या गाडीला निघाले.