साहेबाच्या दुधातलं जायफळ

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. कॉफीचा विषय निघाला की मी हवापाण्याकडे वळायचो. आमच्या घरात तो विषय निघायचाच कितीदा, त्यामुळे लपवणं काही जड गेलं नाही.

नव्वदच्या दशकात सुरतजवळ हजीऱ्याला एका कारखान्याचं बांधकाम चालू होतं. परदेशी इंजिनियरांसाठी सुरत शहरात एक बंगला घेतलेला होता आणि मी त्याचा व्यवस्थापक होतो. म्हणजे गाद्या, गिझर, डास आणि जेवण. स्वयंपाकाला मी आमच्या खानदेशातलीच एक बाई लावली होती. ती सुरतच्याच गोडादरा वस्तीत राहायची. नवऱ्याचा हात लूममध्ये सापडल्यापासून घर तिच्या एकटीवर होतं. मला ती भाऊ म्हणायची आणि भाऊबीजेला ओवाळायचीही.

पाहुण्यांमध्ये एक ब्राझीलचा होता. पहिल्या सकाळी त्याला आपल्या पद्धतीची कॉफी दिली. दुधात उकळलेली, गोड, वर जायफळ. एक घोट घेऊन तो कप उचलून थेट स्वयंपाकघरात आला. बाईकडून कापडाची एक पिशवी शिवून घेतली, तिच्यातून काळी कडक कॉफी गाळली, दूध वेगळं तापवलं आणि दोन्ही कपात निम्मं निम्मं ओतलं. मग लोणी लावलेला पाव त्यात बुडवून खाल्ला. त्याच्या देशात नाश्त्यालाच ‘सकाळची कॉफी’ म्हणतात, असं त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. शाळेत जाणारी पोरं, बसचा ड्रायव्हर, त्याची आजी, सगळ्यांचा दिवस याच कपाने उजाडतो. मी भाषांतर करून बाईला सांगितलं.

ती म्हणाली, “हाऊ ते आपला चहा-पावच शे भाऊ, इमानमा बशीसन उना.”

विमानात बसून आलेला चहा-पाव. मला हसू आलं, पण पटलं नाही. साता समुद्रापलीकडचा पाहुणा आणि त्याच्या पुढ्यात नुसती दूध-कॉफी? आमच्याकडे कॉफी म्हणजे व्याह्यांना किंवा आजाऱ्याला द्यायची गोष्ट. तिच्यात जायफळ नसेल तर पाहुणा घरी जाऊन काय सांगेल? बाई रोज मला अडवायची, “भाऊ, त्याले नको शे ना.” चार महिने तिने त्याला हवी तशी कॉफी दिली. चार महिने तो खूष होता. मी मात्र नव्हतो. पाहुणचाराचा मान आपल्याकडे पाहुण्यापेक्षा यजमानालाच जास्त लागतो.

एके दिवशी कंपनीचे मोठे साहेब त्याच्याबरोबर नाश्त्याला येणार होते. बाई पाव कापत होती. मी तिच्या पाठीमागे दुधाच्या पातेल्यात अर्धं जायफळ किसलं. माझी कल्पना अशी, की साहेब विचारतील, वा, हे कुणाचं डोकं?

साहेबांनी तसंच विचारलं, पण वा म्हटलं नाही. ब्राझीलच्या पाहुण्याचं पोट आधीच्या आठवड्यात बिघडलेलं होतं. दुधात काहीतरी वेगळं लागताच त्याने कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, दुधात काय मिसळलंय? परदेशी माणसाने हा प्रश्न विचारताच साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हा दोघांना समोर बोलावलं.

“दुधात कोणी काय घातलं?”

मी म्हणालो, “साहेब, स्वयंपाकघर यांच्याकडे असतं.”

वाक्य खरं होतं. मी ते फार विचारपूर्वक निवडलं होतं. बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं. घाईत खिशात घातलेली किसणी बाहेर डोकावत होती, ती तिला दिसली. साहेबांना दिसली नाही. मी तिला कामाला लावलेला भाऊ होतो, भावाला उघडं पाडायचं नसतं, एवढंच तिला माहीत होतं. दुपारपर्यंत तिला घरी पाठवलं. जाताना तिने पातेली घासून पालथी घातली. दुसऱ्या दिवशीपासून एक आचारी आला. तो कॉफी करपवायचा. मला मात्र शाबासकी मिळाली, लक्ष ठेवून असतो म्हणून.

त्या वर्षी भाऊबीजेला ती आली नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला, हेही लिहून ठेवतो.

दोन वर्षांनी मी गोडादऱ्याला तिच्या घरी गेलो. रिक्षात वाक्य घोकत होतो. ती भेस्तानच्या एका कारखान्यात धागे कापायला जायची, उभं राहून पाय सुजलेले. नवरा खाटेवर बसलेला होता. तिने नवऱ्याला सांगितलं, “याच भाऊंनी मला बंगल्यावर लावलं होतं.” तो डाव्या हाताने नमस्कार करू लागला.

“काही काम काढलं का भाऊ?”

“नाही,” मी म्हणालो, “इकडून चाललो होतो.”

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा खोलीला दुसऱ्याचं कुलूप होतं. गावाकडे गेले, एवढंच शेजारी म्हणाले. गाव कोणतं, ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं. घोकलेलं वाक्य अजून पाठ आहे: ताई, ते मी केलं होतं, आणि साहेबांसमोर मी तुम्हाला पुढे केलं, मला माफ करा.