पाठ करून ऐकणारा माणूस

माझे भावोजी सुतार. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्च करायचा नाही, असा माणूस. ताईचं लग्न त्यांच्याशी ठरलं तेव्हा घरात सगळे म्हणाले, ही बडबडी आणि तो मुखदुर्बळ, कसं जमायचं? पण जमलं. ताई बोलत राहायची आणि ते रंधा मारता मारता "हं, हं" असा हुंकार भरायचे. दोघांचा संसार त्यावर मजेत चालला होता.

ताई नाच शिकवायची. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या खोलीत वर्ग भरायचा, खाली सिमेंटचा कोबा. संध्याकाळी घरी आली की नडग्या चोळत बसायची. एकदाची लाकडी जमीन घालून द्या, असं नवऱ्याला सांगून थकली. ते म्हणायचे, होईल. लोकांच्या दारा-खिडक्यांतून त्यांना सवड होईना. ताई हसून म्हणायची, वैद्याची बायको खोकते आणि सुताराची कोब्यावर नाचते.

मग ताईला ताप आला, तो डोक्यात गेला, आणि बघता बघता सगळं आटोपलं.

वर्ग मी पुढे चालवला. नाच मी तिच्याकडूनच शिकले होते, त्यामुळे तिची खोडही माझ्या पायात उतरली होती. लहानपणी जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला होता. तेव्हापासून तिची उजवी टाच ठेक्याच्या किंचित मागे पडायची. माझा पाय कधी मोडला नाही, तरी माझी टाच तशीच पडते.

पुढे माझेही गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मी भावोजींकडे गेले. दुसरा सुतार सहज मिळाला असता, पण ताईने मागितलेली वस्तू परक्याच्या हातून करून घ्यायला मन धजेना. मी सांगितलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकूड हवं, पायाखाली जरा दबणारं, पण डगमगणारं नको. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीची पातळी बघायची पाणसळ घेऊन ते खोलीत हजर.

काम बघत राहावं असं. कोब्यावर रबराचे तुकडे, त्यांवर आडव्या पट्ट्या, वर सागवानी फळ्या, आणि सांधा असा की नख जाऊ नये. हातातलं काम संपलं की म्हणायचे, "धाकटे, जरा नाचून दाखव. कितपत दबते ते कळेल." आणि स्वतः शेजारच्या खोलीत जाऊन, भिंतीकडे तोंड करून, उलट्या खोक्यावर बसायचे.

मला वाटायचं, लाकूड कुठे वाजतं का ते ऐकताहेत. थोड्या वेळाने यायचे आणि म्हणायचे, खिडकीजवळची फळी बोलतेय. ती उपटायची, पुन्हा बसवायची. मग दारापाशी काहीतरी निघायचं, मग मधोमध. मला तर कुठेच काही ऐकू येत नव्हतं. जमीन पुरी होत आली की कुठून तरी उसवायची. मुलींचे आईवडील विचारायला लागले, की बाई, वर्ग कधी सुरू होणार?

एका दुपारी मी नाचता नाचता मध्येच थांबले आणि दबक्या पावलांनी जाऊन शेजारच्या खोलीत डोकावले. भावोजी डोळे मिटून बसले होते. चेहरा इतका निवांत, की ताई गेल्यापासून मी तसा पाहिला नव्हता. आणि ते हुंकार भरत होते. हं. मग जरा थांबून, हं. मध्येच किंचित हसले.

मी दारात उभी होते. जमिनीवर कोणीच नव्हतं.

"भावोजी, मी थांबलेय," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. "कधी?"

"केव्हाच."

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या जमिनीकडे पाहिलं. "मग आत्ता कोण नाचत होतं?"

मागे वळून बघायचं धाडस होईना. तरी आवाज सावरून म्हटलं, "ती ताई नाही, भावोजी. मी आहे. टाच तिची असली तरी पाय माझे आहेत."

"माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणूनच तर पाठ करून बसतो."

जरा वेळाने त्यांनी हळूच सांगितलं, की जमीन पुरी झाली की इथे यायला त्यांना काही कारण उरणार नाही.

मी त्यांचा हात धरून त्यांना मोठ्या खोलीत आणलं, माझ्याकडे तोंड करून बसवलं आणि बघा म्हटलं. मग नाचले. धाप लागत होती, केस सुटून तोंडावर येत होते. त्यांनी शेवटपर्यंत नजर हलवली नाही. माझं झाल्यावर बाहीने तोंड पुसत म्हणाले, "ती कोपर असं वाकडं नाही ठेवायची."

ताई गेल्यानंतर तिच्याबद्दल ते बोललेलं हे पहिलं वाक्य. मला हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं.

त्यानंतर एकही फळी बोलली नाही. त्यांनी जमीन घासली, तेल दिलं, हत्यारं उचलली आणि ते गेले. आता गावोगावी जमिनी घालतात. सुट्टीला आमच्याकडे जेवायला येतात, ताईच्या गोष्टी काढतात, क्वचित तिसरा शब्दही खर्च करतात. माझे गुडघे शांत आहेत.

मात्र मी त्या खोलीत एकटी नाचत नाही. मुलींना यायला उशीर झाला, तर किल्ली हातात धरून बाहेर पायरीवर बसून राहते. एकदा भावोजींनी तसं बसलेलं पाहिलं आणि विचारलं, आत का नाही बसत? बाहेर वारा बरा आहे, मी म्हटलं. त्यांनी बंद दाराकडे जरा वेळ पाहिलं आणि ते माझ्याशेजारी पायरीवर बसले.