मधलं शटल कुणाचं

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या बाईला कारखान्यात सगळे 'ठरलंबाई' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुठलाही विषय ती फार वेळ चघळू देत नसे. दोन्ही बाजू ऐकायच्या, ओठ मुडपायचे आणि म्हणायचं, "ठरलं." मग त्यावर पुन्हा बोलणं नाही. घरीही तोच कारभार. पडद्यांचा रंग, धाकटीच्या दातांची तार, सासूबाईंचं ऑपरेशन, सगळं असंच ठरलेलं. पंचाईत अशी की तिचे निर्णय बहुतेक वेळा बरोबर निघत, त्यामुळे तिला अडवायची कुणाची टाप नव्हती.

मालकांनी कारखाना मोठ्या शहरात हलवायचं जाहीर केलं तेव्हा बरोबरीच्या बायका रडल्या. ही घरी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आपण जातोय. ठरलं." नवऱ्याचा धंदा सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवायचा. "बसायला तिथल्या लोकांनाही लागतंच," असं म्हणून तो मोकळा झाला. हा गृहस्थ भांडणाला भारी भ्यायचा. दुकानात दोन गिऱ्हाइकांची बाचाबाची झाली की हा एकाला चहाला म्हणून बाहेर घेऊन जायचा. त्यामुळे घरात आवाज कधी चढत नसे. नवराबायकोचं एखाद्या गोष्टीत पटलं नाही तर दोघं गप्प बसत, आणि मग ज्याला जे हवं ते तो मुलींपैकी एकीला बाजूला घेऊन गुपचूप उरकून टाकी. शेजारी म्हणत, काय गुणाचं घर आहे.

घोडं अडलं ते मुलींच्या शाळेपाशी. थोरलीला पंधरावं सरत आलेलं, धाकटी तिच्याहून दीड वर्षाने लहान. दोघी बॅडमिंटन खेळत, पण कायम दुहेरी, कायम एका बाजूला. थोरली मागे, धाकटी पुढे. दोघींच्या मधोमध आलेलं शटल थोरलीचं, हा नियम त्यांनी लहानपणीच घालून घेतला होता. तो धाकटीच्या अंगात इतका मुरला होता की ताटातला शेवटचा तुकडासुद्धा ती आधी ताईकडे बघून मगच उचले. या जोडीने गावोगावच्या स्पर्धा मारल्या होत्या. एकमेकींविरुद्ध मात्र त्या खऱ्याखुऱ्या कधीच खेळल्या नव्हत्या. गरजच पडली नव्हती.

शाळा बघायला नवराबायको दोघं जाऊन आले. ती नळ उघडून बघायची, मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार आतून लागतंय का ते तपासायची, जिन्यावर उभी राहून मुलं कशी उतरतात ते बघायची. तो मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या खुर्चीत बसून बघायचा. "स्पंज पार बसलाय. इथे पालकांना फार वेळ ताटकळत ठेवतात," एवढाच त्याचा शेरा. शेवटी दोन शाळा उरल्या. एक भाड्याच्या घरापासून चालत जाण्याजोगी. शिकवणं चांगलं, माणसं चांगली, पण बॅडमिंटन म्हणजे सभागृहातल्या खुर्च्या सरकवून हौसेने खेळायचं. दुसरी शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे खेळाचा वेगळा विभाग, लाकडी जमिनीची कोर्टं, आणि एक कोचबाई, जिच्या हाताखालच्या मुली थेट राज्याच्या संघात जात.

कोचबाई फोनवर म्हणाली, "तुमच्या मुलींचे सामने पाहिलेत मी. पण जागा एकच आहे, आणि इथलीच एक मुलगी तिच्यासाठी थांबलीय. दोघींना घेऊन या. समोरासमोर खेळवते. जिंकेल ती माझी."

"आणि दुसरी?"

"दुसरीला दुसरी शाळा. आणि हो, पंधरा पुरी झालेल्या मुलीला आम्ही नव्याने घेत नाही. म्हणजे मोठीला ही शेवटचीच संधी, हे ध्यानात असू द्या."

ठरलंबाईने फोन ठेवला आणि ओठ मुडपले. नवरा गादीच्या शिवणीत तोंड घालून बसला होता. फोनवरचा शब्द न शब्द त्याच्या कानावर पडला होता; त्याने वर बघितलं आणि पुन्हा सुई टोचली. तिच्या मनात गणित पक्कं झालं होतं. थोरलीला कुठेही सोडा, चार दिवसांत चार मैत्रिणी करेल. धाकटी मात्र अनोळखी माणसासमोर ब्र काढत नसे. मागच्या वर्षी नव्या बाई आल्या, तर सहामाहीपर्यंत त्यांना हिचा आवाज माहीत नव्हता. हातात रॅकेट असली तरच ती पोर माणसात येई. तिची रॅकेट सुटून चालणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी कागदात गुंडाळताना तिने थोरलीला मदतीला बोलावलं.

"तू कुठेही रमतेस गं," ती म्हणाली. "ती नाही रमत. तुला ठाऊक आहे."

थोरली एका पेल्याला कागद गुंडाळत होती. "म्हणजे मी हरू?"

"हर असं नाही म्हणत मी. थोडं सोडून दे. तुला जमेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"बरं."

"तिला कळता कामा नये. बाबांनाही नाही."

"बरं, आई."

"ठरलं?" ठरलंबाईने विचारलं. हा शब्द ती कधी विचारत नसे, आज तो तिच्या तोंडून प्रश्न होऊन आला. थोरलीने नुसती मान हलवली आणि त्याच पेल्यावर आणखी एक कागद चढवला, मग आणखी एक. आईने ते बघितलं. पण ठरलेलं मोडायची तिला सवय नव्हती.

सामन्याच्या सकाळी हॉलमध्ये दिव्यांचा पांढरा उजेड होता आणि बुटांचा चर्रचर्र आवाज. कोचबाई किडकिडीत, गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिट्टी. भिंतीकडच्या बाकावर ती थांबलेली मुलगी निळी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी तिचे वडील. पलीकडच्या बाकावर हे दोघं. नवऱ्याच्या हाताला घाम सुटला होता, तो सारखा पँटला पुसत होता. ठरलंबाईला वाटलं, बिचाऱ्याला काय माहीत.

जाळीच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहिल्या तेव्हाच तिला कसंसं झालं. आजवर या दोन वेण्या तिने एकाच बाजूला, पाठमोऱ्या बघितल्या होत्या. आता एकीची पाठ दिसत होती आणि एकीचं तोंड.

सुरुवातीला दोघी अडखळल्याच. थोरलीने मारलेलं शटल मधोमध आलं की धाकटी नकळत अर्धं पाऊल बाजूला सरे, ते घ्यायला मागे ताई असल्यासारखी. शटल टपकन पडे आणि धाकटी वळून रिकाम्या कोर्टाकडे बघे. असं दोनतीनदा झालं. कोचबाई म्हणाली, "मागे कुणी नाहीये तुझ्या. तुझंच आहे ते." धाकटीने मान हलवली.

थोरली पुढे गेली आणि ठरलंबाईला शंका आली, ही विसरली की काय. पण पोरगी शब्दाला जागली. एक स्मॅश रेषेच्या किंचित बाहेर. एक ड्रॉप जाळीला चाटून अलीकडेच. इतकं बेमालूम की आईशिवाय कुणाला कळू नये. गुण बरोबरीत आले. आता धाकटी पुढे जाईल, म्हणून ती बाकाच्या कडेला सरकून बसली.

धाकटी पुढे गेली नाही. तिने सर्व्हिस जाळीत मारली.

घाबरली असेल, आईला वाटलं. पुढचा गुण थोरलीने सोडला, त्याच्या पुढचा धाकटीने. थोरलीने बाहेर मारलं, धाकटीने जाळीत. पाटीवरचे आकडे हातात हात घालून चढायला लागले. निळ्या पिशवीवाल्या मुलीचे वडील इकडे झुकून म्हणाले, "काय चुरशीचा खेळ चाललाय हो." ठरलंबाईला हसता येईना. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

शेवटाकडे तर कहर झाला. थोरलीने उंच, बावळट, लहान पोरानेही मारावं असं शटल वर दिलं. धाकटी त्याच्याखाली उभी राहिली, रॅकेट उगारली आणि खाली घेतली. शटल तिच्या पायाशी पडलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींनाही एकदमच कळलं असावं.

शिट्टी वाजली. कोचबाई कोर्टात आली. "मला खेळ कळतो," ती शांतपणे म्हणाली. "हरायची शर्यत मी पहिल्यांदाच बघतेय. काय प्रकार आहे?"

धाकटीच्या डोळ्यांतून धार लागली. आणि अनोळखी माणसासमोर कधी न बोलणारी ती पोर बोलली. "बाबा म्हणाले, ताईचं हे शेवटचं वर्ष आहे. मला पुढच्या वर्षी येता येईल. म्हणून मी हरायचं."

थोरलीने रॅकेट खाली केली. "तुला बाबांनी सांगितलं?"

"हो. कुणाला सांगू नकोस म्हणाले."

"मला आईने सांगितलं," थोरली म्हणाली.

हॉलमधले सगळे बाकाकडे बघायला लागले. ठरलंबाईला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. ती उठून कोर्टाच्या रेषेपर्यंत गेली. "चूक आमची आहे, मॅडम. मुलींची नाही. एकदा परत खेळवा. मी हात जोडते."

"आता खेळल्या तर कोण खरं खेळतंय हे मी कसं ओळखू?" कोचबाईने विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "मुलींमध्ये खेळ आहे. पण कुठल्या मुलीचा केवढा, ते तुम्ही दोघांनी मला बघूच दिलं नाहीत. जागा तिची." तिने निळ्या पिशवीकडे बोट केलं. "धाकटीला पुढच्या वर्षी जरूर आणा. मोठीचं वय तेव्हा बसणार नाही."

त्या गुणाच्या घरातलं पहिलं भांडण बसमध्ये झालं, चार लोकांत.

"मला विचारायचं तरी," ठरलंबाई म्हणाली.

"तू मला विचारलंस?" नवऱ्याचा आवाज चढला आणि त्याचा तोच दचकला. पण थांबला नाही. "कधी विचारलंस? घर बदललं, गाव बदललं, मला चपला काढता काढता कळलं."

"मग नाही म्हणायचं होतं. तोंड कुणी शिवलं होतं तुमचं?"

"तुझ्यासमोर नाही म्हणायची सोय असते का?"

पुढच्या सीटवरची माणसं मागे वळून बघत होती. मुली खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. थोरली न वळताच म्हणाली, "पुरे. आम्हाला तो गेम पुरा करायचाय."

नव्या घराखाली गाड्या लावायच्या जागेत सामानाचा ट्रक नुकताच रिकामा झाला होता. खोकी अजून खालीच होती. बापाने सामान बांधायचा दोर दोन खांबांना आवळला, गादीवाल्याची गाठ मारून, आणि खडूने रेषा ओढल्या. आईला गुण मोजायला एका खोक्यावर बसवलं. "तू फक्त आकडे म्हणायचे," थोरलीने बजावलं. तिने मान डोलावली. दुसरं काही म्हणायची तिची हिंमत नव्हती.

या वेळी दोघी खेळल्या. मन लावून, दात-ओठ खाऊन, घामाघूम होऊन. थोरलीचे स्मॅश खांबावर आदळून परत येत. तिने बहिणीला कोपऱ्या-कोपऱ्यांतून पळवलं, एका पैशाची दया दाखवली नाही. धाकटीचा श्वास फुलला, एकदा गुडघा फुटला, तरी ती उठली. ठरलंबाई आकडे म्हणत होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. कुणी जिंकावं हे तिला सांगता आलं नसतं. आणि ते आपण ठरवायचं नाही, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

शेवटचा गुण उरला तेव्हा थोरलीने शटल बरोबर मधोमध मारलं. जोरात, दोराला लागेल न लागेल असं. धाकटीची ती खोड तिला सगळ्यांत चांगली ठाऊक होती. धाकटीचं पाऊल सवयीने बाजूला सरलं. मग ते परत आलं. तिने ते शटल घेतलं आणि ताईच्या डाव्या हाताला, रेषेच्या आत, अंगठ्याएवढ्या जागेत टाकलं.

धाकटी जिंकली होती. तिला कुणीही काहीही सोडलं नव्हतं.

थोरली दोराखालून पलीकडे गेली, बहिणीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि आईशेजारच्या खोक्यावर येऊन बसली. ती हुंदके देऊन रडत होती. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आई," थोरली नाक पुसत म्हणाली, "तिथे अशी हरले असते ना, तर चाललं असतं मला."