अंदाजाने छापलेला देव

आमच्या कुळाचा देव कोणता, हे मला माहीत नाही. ही गोष्ट मी परवापर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. मुलीच्या लग्नपत्रिकेवर खंडोबा छापला, तो अंदाजाने. गावाकडच्या काकांशी मीच अबोला धरला होता, त्यामुळे त्यांना विचारणं जिवावर आलं.

परवा तीच मुलगी मला स्कॉटलंडमधल्या एका जुन्या गावी घेऊन गेली. रस्ता एका गाडीपुरता, एकीकडे तळं, दुसरीकडे जांभळ्या फुलांनी भरलेले डोंगर. गावातल्या एका आजींनी दगडावर कोरलेलं आपल्या कुळाचं चिन्ह हाताने पुसून दाखवलं आणि विचारलं, "तुमचं कूळ कुठलं?"

"आम्ही जेजुरीच्या खंडोबाचे!" मुलगी ऐटीत म्हणाली.

इतक्या आडबाजूलाही माणसं आपण कुणाचे ते पुसून लख्ख ठेवतात, आणि मला एक फोन जड झाला.

परतताना तिला खरं सांगून टाकलं. गाडी कडेला घेऊन ती पोट धरून हसली.

"बाबा, म्हणजे लग्नानंतर आम्ही दुसऱ्यांच्याच देवाला भंडारा उधळून आलो?"

"पावला ना पण?"

"पावला हो. पण आपला बिचारा वाट बघत असेल!"

तळ्यावर ऊन पडलं होतं. मलाही हलकं वाटत होतं. काकांची माफी मागून देवाचं नाव विचारायचं मात्र अजून राहिलं आहे.